अस्सल जपा, नक्कल कातरा



'असल' आणि 'नकल' हे उर्दूतले शब्द तुम्हांला चांगले ठाऊक आहेत. मराठीत तेच शब्द 'अस्सल' आणि 'नक्कल' असे लिहितात. तहसील कचेरीत लोक जमिनीच्या कागदाची नक्कल मागायला जातात. तेव्हा कारकून नोंदवहीचे पान फाडून त्यांच्या हाती देतो का? मुळीच नाही. मूळ नोंद दप्तरात राहते आणि माणसाला नक्कल मिळते. ती हरवली किंवा भिजली तरी काळजी नसते, कारण दुसरी काढता येते. कागदाच्या बाबतीत आपण एवढे शहाणे आहोत. मोबाइलमधल्या फोटोच्या बाबतीत मात्र आपण रोज मूळ पानच फाडून देतो, असे माझे मत आहे.

हे मी कोणाला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. ही चूक माझ्याच हातून झाली आहे.

२०२१ साली मी माझ्या नानींचा एक अर्ज संगणकावरून भरत होते. अर्जाला फोटो हवा होता. त्याची रुंदी २०० पिक्सेल, उंची २३० पिक्सेल आणि फाइल ५० केबीच्या आत, अशी अट होती. माझ्या फोनमध्ये एका लग्नातला फोटो होता. दिवाणावर नानी आणि त्यांची धाकटी बहीण शेजारी शेजारी बसून हसत होत्या. मी नानींचा चेहरा तेवढा ठेवला, बाकीचा भाग कातरून टाकला, फोटो लहान केला आणि 'सेव्ह' दाबले. मूळ फोटोच्या जागी तो चिमुकला फोटो जाऊन बसला. अर्ज मंजूर झाला आणि मी ती गोष्ट विसरून गेले. पुढे तो फोनही विकला.

दोन वर्षांनी नानींचे निधन झाले. मामूंनी घरच्या अल्बमसाठी त्यांचा मोठा फोटो मागितला. मी तो अर्जाचा फोटो घेऊन दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "बाई, हा फोटो फुटेल." त्याने तो पडद्यावर मोठा करून दाखवला. नानींच्या चेहऱ्याच्या जागी रंगांचे चौकोन दिसू लागले. मग त्याने कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक प्रोग्राम वापरून चेहरा स्वच्छ करून दिला. फोटो सुंदर दिसत होता. पण नानींच्या हनुवटीवरचा तीळ त्यात नव्हता. अम्मीने तो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "ही आमची अम्मा नव्हे."

असे का झाले? हे समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल.

डिजिटल फोटो म्हणजे लहान लहान रंगीत ठिपक्यांची मांडणी. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो साधारणपणे ४००० पिक्सेल रुंद आणि ३००० पिक्सेल उंच असतो. गुणाकार करा. १ कोटी २० लाख ठिपके होतात. माझ्या अर्जाच्या फोटोत २०० गुणिले २३०, म्हणजे फक्त ४६,००० ठिपके उरले होते. कागदावर उत्तम छपाईसाठी एका इंचाला सुमारे ३०० पिक्सेल धरतात. त्या हिशेबाने मूळ फोटोतला नानींचा भाग १८०० पिक्सेल रुंद असता, तर तो सहा इंच रुंद छापता आला असता. २०० पिक्सेलचा फोटो एक इंचसुद्धा भरत नाही.

आता आणखी एक हिशेब पाहा. फोटोची रुंदी निम्मी केली आणि उंचीही निम्मी केली, तर किती फोटो उरतो? बरीच मुले 'अर्धा' असे उत्तर देतात. उत्तर आहे पाव. १ कोटी २० लाखांतले ३० लाखच ठिपके उरतात. कातरलेला भाग पडद्यावर पुन्हा मोठा दिसतो, म्हणून आपल्याला काही गेल्याचे कळत नाही. मात्र गेलेले ठिपके परत आणता येत नाहीत. फोटो मोठा करणारा प्रोग्राम नवे ठिपके अंदाजाने भरतो. नानींच्या हनुवटीवर तीळ होता, हे त्या प्रोग्रामला कोण सांगणार?

मग फोटो कातरूच नये का? माझे म्हणणे तसे नाही. कातरणे ही एक कला आहे. नको असलेली गर्दी काढली की पाहणाऱ्याची नजर नेमक्या जागी जाते. चे गेव्हाराचा टोपीतला चेहरा तुम्ही भिंतींवर आणि कपड्यांवर पाहिला असेल. ते छायाचित्र आल्बर्तो कोर्दा यांनी ५ मार्च १९६० रोजी क्यूबातील हवाना शहरात काढले. मूळ चित्रात एका बाजूला दुसरा एक माणूस आणि दुसऱ्या बाजूला झाडाची पाने आहेत. ती कातरल्यामुळेच तो चेहरा एवढा उठून दिसला. पण तिथे कातरली गेली ती कागदावरची प्रत. फिल्मची निगेटिव्ह अखंड राहिली, म्हणून संपूर्ण चित्र आजही पाहता येते.

जुन्या काळी निगेटिव्ह आपोआप मागे उरत असे. आज आपल्या फोनमधला मूळ फोटो हीच आपली निगेटिव्ह आहे. फरक एवढाच, की ती आता एका बोटाने पुसली जाते.

काही जण म्हणतील, "मोठे फोटो ठेवले तर फोन भरून जातो." ही अडचण खरी आहे. परंतु आपला फोन कशाने भरतो, हे एकदा नीट पाहा. रोज सकाळी येणारी शुभेच्छांची चित्रे, एकाच प्रसंगाचे दहा-दहा फोटो आणि पुन्हा न पाहिलेले व्हिडिओ यांनीच तो भरलेला असतो. ते पुसून टाका. घरातल्या माणसाचा एकच पूर्ण फोटो त्या शेकडो चित्रांपेक्षा मोलाचा आहे.

म्हणून तुम्हांला चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, कातरण्याआधी फोटोची नक्कल काढा आणि कात्री त्या नक्कलेवरच चालवा. 'सेव्ह' आणि 'प्रत म्हणून सेव्ह' असे दोन पर्याय दिसले, तर दुसरा निवडा. दुसरी, कातरलेला फोटो बाहेर काढताना आकार विचारला, तर 'मूळ आकार' निवडा. जो भाग ठेवला आहे, त्याचे सगळे पिक्सेल राहू द्या. अर्जासाठी लहान फोटो लागला, तर त्याची वेगळी प्रत करा. तिसरी, जेपेग प्रकारचा फोटो बदलून पुन्हा पुन्हा सेव्ह करू नका. दर वेळी त्यातला थोडा बारकावा जातो. फेरबदल करायचाच असेल, तर पुन्हा मूळ फोटोपासून सुरुवात करा. चौथी, व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठवलेला फोटो वाटेत लहान केला जातो. छापायचा किंवा जपायचा फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी पोहोचते.

हे सारे मी तुम्हांलाच का सांगत आहे? कारण आज पुष्कळ घरांतले अर्ज तुम्हीच भरता. आजोबांच्या पेन्शनचा कागद असो की लहान भावाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, घरातली मोठी माणसे विश्वासाने फोन तुमच्या हाती देतात. अस्सल कोणते आणि नक्कल कोणती, हे त्यांना पडद्यावर दिसत नाही. ते तुम्हांला दिसते. म्हणून ती जबाबदारीही तुमचीच आहे.

आमच्या अल्बमच्या पहिल्या पानावर आजही नानींचा तो अर्जाचा फोटोच लावलेला आहे. तो पाऊण इंचाहूनही लहान आहे. शेजारी हसणारी त्यांची बहीण त्यात नाही. पण भिंगातून पाहिले, तर हनुवटीवर एक पुसट ठिपका दिसतो. अम्मी म्हणते, तो तीळच आहे.

आज घरी गेल्यावर तुमच्या घरातल्या सर्वांत वयोवृद्ध माणसाचा एक फोटो उघडा आणि तो किती पिक्सेलचा आहे, ते पाहा. लहान असेल, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि नवा फोटो काढा. आणि तो मात्र अखंड ठेवा.