मित्रकीटक आणि उष्णमान

“ट्रायकोकार्डें लावलीं, पण बोंडअळी कांहीं हटली नाहीं,” अशी तक्रार आमच्या कानीं वारंवार येते. कित्येक बागाइतदार तर यापुढें फवारणीवरच भिस्त ठेवूं म्हणतात. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भांत केलेला हाहाकार, आणि त्याच सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतां करतां विषबाधेनें दगावलेले शेतकरी व मजूर ज्यांस आठवतात, त्यांनीं तरी असा निकाल घाईनें देऊं नये. दोष कीटकाचा नसून पुष्कळ अंशीं तो आपल्या हाताळणीचा व पुरवठ्याच्या रीतीचा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कार्डावर तांदळांतील पतंगाचीं अंडीं चिकटविलेलीं असून त्यांत ट्रायकोग्रामा नांवाची, डोळ्यांस जेमतेम दिसणारी माशी वाढत असते. ती शत्रुकीटकाच्या अंड्यांत आपलें अंडें घालते, त्यामुळें अळी जन्मासच येत नाहीं. मात्र अळी एकदां बोंडांत शिरली, कीं तिजवर या माशीचा इलाज चालत नाहीं. बोंडअळीचें अंडें चारपांच दिवसांत फुटतें. तेवढाच काय तो अवकाश.

२५ ते २८ अंश सेंटिग्रेड उष्णमानांत ही माशी आठदहा दिवसांत पूर्ण वाढून बाहेर पडते. थंडींत हा काळ लांबतो, आणि दहा अंशांच्या सुमारास वाढ जवळजवळ थांबते; म्हणूनच शीतपेटींत कार्डें कांहीं दिवस राखतां येतात. उलट पारा ३५ च्या वर राहिला तर पुष्कळ माशा आंतच मरतात. ज्या निघतात त्या थोडके दिवस जगतात व अंडींही थोडीं घालतात.

आतां आपल्याकडील हवा पाहा. कपाशी पात्याफुलांवर असतां, सप्टेंबर-ऑक्टोबरांत, नागपुरास दुपारीं बहुधा ३२-३३ अंश असतात, आणि पानाखालीं सावली व ओल असते. म्हणजे शेत या माशीस मानवतें. तिला मारतें तें वाटेंतील ऊन: बंद पार्सल, दुचाकीची पेटी, टिनाचें छप्पर. (मे महिन्यांत पारा ४५ वर असतां भाजीपाल्यावर कार्डें लावणारांचें मात्र आम्हांस नवल वाटतें.) त्यांत कार्ड लावून दुसऱ्याच दिवशीं विषारी औषध फवारलें, तर बोलावयासच नको.

उष्णता सोसणारी ट्रायकोग्रामाची जात बंगळूरच्या राष्ट्रीय कृषि कीटक संसाधन ब्यूरोनें निवडून काढली आहे. आपल्या संघानें तिची मागणी करावी. परंतु त्याहून निकडीची गोष्ट म्हणजे प्रत्येक कार्डावर माशा निघण्याची अपेक्षित तारीख छापलेली असावी व माल थंड पेटींतूनच यावा. शेतकऱ्यानें पट्ट्या कापून सायंकाळीं पानाच्या खालच्या बाजूस टांचाव्या आणि एक लहान तुकडा कांचेच्या बाटलींत घालून, तोंडास कापड बांधून, घरांत सावलींत ठेवावा. छापील तारखेनंतर चार दिवस लोटूनही बाटलींत माशा दिसल्या नाहींत, तर ती बाटली घेऊन पुरवठादाराकडे जावें व पैसे परत मागावे.