तिकीट खरं, पण गोष्ट?

वारशाने आलेली वस्तू तपासू नये, असं आमच्या हाऊसमधल्या निम्म्या मुलांचं मत आहे. "आजोबांनी दिलंय ना, मग खोटं कसं असेल?" माझं मत उलट आहे. ज्या वस्तूबद्दल आपण चारचौघांत अभिमानाने बोलतो, ती आधी आपणच तपासावी. रेंजवर रायफल हातात आली की आधीच्या मुलाने 'क्लिअर' म्हटलेलं असलं तरी आपण चेंबर बघतोच. त्यात त्याचा अपमान नसतो.

माझी वस्तू म्हणजे इंदूर संस्थानचं अर्ध्या आण्याचं पोस्टाचं तिकीट. रंग जांभळा, वर दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचं चित्र. हे तिकीट १८८६ साली निघालं आणि लंडनच्या वॉटरलो कंपनीने ते छापलं. माझे आजोबा बनारसला राहतात. त्यांची गोष्ट अशी, की त्यांचे आजोबा काशीत शिकत असताना होळकर दरबाराकडून त्यांना पूजेच्या नेमणुकीचं पत्र आलं. डाकवाल्याने ते अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर त्यांच्या हातात दिलं, आणि हे तिकीट त्या पत्रावरचं. पाहुणा आला की आजोबा त्याला घाटावर नेतात आणि पायरीसुद्धा दाखवतात.

तपासणीला फार काही लागलं नाही. बायोलॉजी लॅबमधलं भिंग घेतलं. आजच्या प्रिंटरवर काढलेली नक्कल भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची दिसते. माझ्या तिकिटावर ठिपके नव्हते, सलग रेघा होत्या. मग कडेची छिद्रं मोजली. दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं बसतात ते मोजायचं असतं, आणि ती पंधरा भरली. या तिकिटाला तेवढीच असायला हवीत. शेवटी गावातल्या दुकानदाराचा नोटा तपासायचा निळा दिवा मागून घेतला. हल्लीच्या पांढऱ्याशुभ्र कागदात चमक आणणारी रसायनं असतात, त्यामुळे तो त्या दिव्याखाली उजळतो. माझं तिकीट मळकटच राहिलं.

एवढ्यावर 'अस्सल' असा शिक्का मी मारणार नाही. जाँ द स्पेराती नावाचा एक नकलाकार फ्रान्समध्ये होऊन गेला. तो स्वस्तातल्या खऱ्या तिकिटावरची छपाई धुऊन काढायचा आणि त्याच जुन्या कागदावर महागड्या तिकिटाचं चित्र छापायचा. म्हणजे कागद खरा, छिद्रं खरी, पोस्टाचा शिक्काही खरा! १९४२ साली कस्टम्सने त्याची तिकिटं पकडली, तेव्हा तज्ज्ञ म्हणाले अस्सल आहेत, आणि हा म्हणत होता की मीच बनवली आहेत. पण एवढी मेहनत कोणी अर्ध्या आण्याच्या तिकिटासाठी करेल असं मला वाटत नाही. माझं तिकीट मुळात स्वस्त आहे. लंडनहून तज्ज्ञांचं प्रमाणपत्र मागवायचं तर तिकिटापेक्षा खर्चच जास्त होईल.

तिकीट पास झालं. नापास झाली ती गोष्ट.

वाचता वाचता मला कळलं की इंदूरसारख्या संस्थानांची तिकिटं फक्त त्यांच्या हद्दीत चालायची. हद्दीबाहेर पत्र पाठवायचं तर ब्रिटिश हिंदुस्थानचं तिकीट लावावं लागे. ग्वाल्हेरची गोष्ट वेगळी. त्यांचा इंग्रजांशी करार होता आणि त्यांची तिकिटं म्हणजे इंग्रजांच्याच तिकिटांवर 'ग्वाल्हेर' छापलेलं, त्यामुळे ती बाहेरही चालत. इंदूरचा तसा करार नव्हता. मग फक्त या अर्ध्या आण्यावर पत्र काशीला पोचलं कसं?

हे मी चार दिवस कुणालाच सांगितलं नाही. आजोबा ८० च्या घरात आहेत. गप्प बसावं असं मलाही वाटलं. पण मग मी पाहुण्यांसमोर मान डोलवत राहणार, आणि पुढे ही गोष्ट मलाच सांगावी लागणार, तीही खोटी आहे हे माहीत असताना. ते मला जमलं नसतं.

मे महिन्याच्या सुट्टीत संध्याकाळी त्याच पायरीवर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ नावांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुला लेका, रेघा आणि भोकं मोजायला शिकवलं शाळेने." रागावले असं वाटलं. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "आमचे आजोबा मूळचे इंदूरकडचेच. तिथून शिकायला आले इकडे. निघायच्या आधीचं एखादं पत्र असेल." हे पटण्यासारखं आहे, कारण संस्थानातल्या संस्थानात तिकीट चाललंच असतं. पण मग ते पत्र कोणाचं? नेमणुकीचं नसेल, तर त्याचं तिकीट त्यांनी जन्मभर का जपलं? पोस्टाचा शिक्का इतका फिसकटलाय की गावाचं नाव लागत नाही.

घरी गेल्यावर आजोबांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावली. आत कागद आहेत, पण सगळे मोडीत, आणि घरात मोडी कुणालाच येत नाही. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मी अक्षरं तरी शिकून येईन असं कबूल केलंय. 'क' आणि 'ग' झालेत.