निवड कोणाची : निसर्गाची की सत्तेची?

विज्ञान सत्याकडे जाते, हे वाक्य आपण अभ्यासवर्गांतून इतक्या सहजपणे उच्चारतो की ते कोणत्या वाटेने जाते, हा प्रश्न मनात येतच नाही. विटेवर वीट ठेवून भिंत उभी राहावी तसे ज्ञान वाढते, अशी ढोबळ समजूत त्यामागे असते. कार्ल पॉपर आणि अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी या समजुतीच्या जागी डार्विनचा दृष्टांत आणला. निसर्गात जीवांचे नाना भेद उपजतात आणि परिस्थितीशी न जुळणारे नष्ट होतात. त्याचप्रमाणे शास्त्रज्ञ नाना अनुमाने मांडतात आणि प्रयोग व टीका यांच्या माऱ्यात न टिकणारी बाद होतात. जी उरतात ती सिद्ध झालेली नसतात. अद्याप खोटी ठरलेली नसतात, इतकेच.

पॉपर यांचे नाव निघताच आपल्यातील काही मित्रांच्या कपाळाला आठी पडेल. मार्क्सवर त्यांनी १९४५ साली केलेली टीका सर्वस्वी न्याय्य होती, असे प्रस्तुत लेखकही मानत नाही. पण विरोधकाच्या भात्यातील चांगला बाण वापरू नये, असा काही समाजवादाचा दंडक नाही.

अर्थात हा दृष्टांत जसाच्या तसा घेता येत नाही. जीवसृष्टीतील बदल पुढची गरज ओळखून घडत नाहीत. शास्त्रज्ञ मात्र प्रश्न समोर ठेवून अनुमान करतो. याहून गंभीर अडचण अशी की, उत्क्रांतीला मुक्कामाचे ठिकाण नसते. गुहेच्या अंधारात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माशांचे डोळे जातात, आणि तरीही ते मासे त्या गुहेला अनुरूपच असतात. टॉमस कून यांनी १९६२ साली हाच धागा ताणून म्हटले, की विज्ञान मागच्या अवस्थेपासून पुढे सरकते. ते सत्याकडेच सरकते, असे मानण्याची गरज नाही. सत्याच्या जवळ जाणे म्हणजे काय, याची तर्कशुद्ध व्याख्या पॉपर यांनी केली होती. पण दोन खोट्या सिद्धान्तांपैकी सत्याला अधिक जवळचा कोणता, हे त्या व्याख्येने ठरवताच येत नाही, असे टिची आणि मिलर यांनी १९७४ साली दाखवून दिले.

तेव्हा निवड कोण करतो, हाच कळीचा प्रश्न उरतो. विचारांची पारख वस्तुस्थिती करीत असेल, तर ते वस्तुस्थितीला अनुरूप होत जातील. सत्ता करीत असेल, तर सत्तेला.

याचा पुरावा शोधण्यासाठी भांडवलशाही देशात जाण्याचे कारण नाही. निकोलाय वाविलोव्ह यांनी जगभर हिंडून पिकांच्या बियाण्यांचा प्रचंड संग्रह लेनिनग्राडमध्ये उभा केला होता. बियाण्यांवर थंडीचा संस्कार करून पिकाचा स्वभाव बदलता येतो आणि तो बदल वारशाने पुढे उतरतो, असा त्रोफिम लायसेन्कोचा दावा होता. आनुवंशिकताशास्त्र त्याने बूर्झ्वा ठरविले, आणि स्तालिनची मर्जी त्याच्यावर होती. ऑगस्ट १९४० मध्ये वाविलोव्ह यांना अटक झाली. जानेवारी १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात ते मरण पावले. पुढे ऑगस्ट १९४८ मध्ये मॉस्कोत कृषिविज्ञान अकादमीचे अधिवेशन भरले. त्याच्या अखेरच्या दिवशी लायसेन्कोने उठून सांगितले की, आपला अहवाल पक्षाच्या मध्यवर्ती समितीने तपासून मंजूर केला आहे. वाद तेथेच मिटला! काही विरोधकांनी तर त्याच अधिवेशनात आपली मते मागे घेतली. माणूस स्वतः मरण्याऐवजी आपल्या सिद्धान्तांना मरू देतो, हे पॉपर यांना विज्ञानाचे मोठे बळ वाटे. येथे माणूस मेला आणि सिद्धान्त जगला. १९५३ साली केंब्रिजमध्ये डीएनएच्या रचनेचा उलगडा झाला, तेव्हा लायसेन्को मॉस्कोतील आनुवंशिकताशास्त्राच्या संस्थेचा संचालक होता, आणि १९६५ पर्यंत तो त्या पदावर राहिला.

पक्षनिष्ठेचे दडपण किती असते पाहा. जे. बी. एस. हॉल्डेन हे स्वतः या शास्त्राचे एक आधारस्तंभ आणि ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य. एरवी कोणाचीही भीड न बाळगणारे हे गृहस्थ या प्रकरणी मात्र जाहीरपणे जपूनच बोलत राहिले, आणि १९५०च्या सुमारास पक्षापासून दूर झाले. १९५७ साली ते भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले.

भांडवलाची रीत निराळी. अमेरिकन सिगारेट कंपन्यांनी १९५३च्या अखेरीस एकत्र येऊन संशोधनाला पैसा पुरविण्याचे ठरविले. हेतू हा की धूम्रपान आणि कर्करोग यांच्या संबंधाविषयीचा संशय जिवंत राहावा. त्यांनी अनेक दशके जनतेची फसवणूक केली, असा निकाल तेथील न्यायालयाने २००६ साली दिला. तेथे कोणाला तुरुंगात टाकावे लागले नाही. मेलेल्या सिद्धान्ताला पैशाने श्वास पुरविला गेला. आणि आपल्याकडे? २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. २०२३ साली दहावीच्या केंद्रीय पाठ्यपुस्तकातून उत्क्रांतीचा भाग, मुलांवरील ओझे कमी करण्याच्या सबबीखाली, वगळला गेला.

या दोन्ही गोष्टींचा निषेध आपण केला, तो योग्यच होता. पण आपल्या शिबिरांतून सिगारेट कंपन्यांचा अध्याय जितक्या उत्साहाने सांगितला जातो, तितक्याच तपशिलाने १९४८च्या त्या अधिवेशनाची हकीकत सांगितली गेली पाहिजे. किंबहुना तीच आधी. मध्यवर्ती समितीच्या मंजुरीने गव्हाचा गुणधर्म कसा ठरतो, असे एखाद्या तरुण कार्यकर्त्याने तेथे विचारले, तर त्याला खाली बसवू नये.