वरचं उत्तर वाचून थांबू नका

घरात कुणाला फिट आली, की हल्ली हात आधी फोनकडे जातो. ऑक्टोबर २०२१ मध्ये गूगलला ‘फिट आली, आता काय करू?’ असं इंग्रजीत विचारलं, की सगळ्यात वर उत्तर दिसायचं: रुग्णाला दाबून धरा, तोंडात काहीतरी घाला. मजकूर होता अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या पानावरचा. पण मूळ पानावर ही यादी ‘हे करू नका’ या मथळ्याखाली होती. यंत्रानं यादी तेवढी उचलली, ‘करू नका’ मागेच राहिलं.

तोंडात चमचा घातला तर दात तुटतात, श्वास कोंडतो. म्हणून आत्ताच पाठ करा. माणसाला कुशीवर वळवा. डोक्याखाली मऊ काही ठेवा. घड्याळ बघा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, तर रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावा. आणि कांदा, चप्पल हुंगवू नका. (हे खूळ मात्र गूगलचं नाही, आपलंच.)

आता तर यंत्र नुसता उतारा दाखवत नाही. अनेक पानं चाळून स्वतःच्या शब्दांत उत्तर रचतं. बरोबर असो की चूक, सूर तोच, ठाम. मे २०२४ मध्ये गूगलनं ही सोय अमेरिकेत सर्वांसाठी खुली केली आणि काही दिवसांतच पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद मिसळायचा सल्ला तिनं दिला. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर कुणीतरी कित्येक वर्षांपूर्वी केलेली थट्टा तिला खरी वाटली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती भारतात आली. गोंदावर आपण हसलो. पण बाळाच्या तापाच्या औषधाचं माप असंच चुकलं तर?

उत्तराजवळ दुवा असतो. तो उघडा. पान कुणाचं आहे, कधीचं आहे, बघा. त्या वाक्याच्या वर काय लिहिलंय, तेही वाचा. औषधाचं माप मात्र डॉक्टरांनाच विचारा. लहान मुलांचं माप वजनावर ठरतं.

पैशांचंही तेच. बँकेचा नंबर शोधणाऱ्यांसाठी भामटे इंटरनेटवर खोटे नंबर पेरून ठेवतात. सगळ्यात वर दिसला म्हणून तो बँकेचा, असं तुमच्या आईला वाटणारच. पलीकडचा माणूसही गोड बोलतो, ओटीपी मागतो. कष्टाची पुंजी जायला काही मिनिटं पुरतात.

तिला सांगा, नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घे. ओटीपी कुणालाही देऊ नकोस. तरीही पैसे गेलेच, तर लाजू नका, तिच्यावर चिडू नका. त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. जितका उशीर, तितकं पैसे परत हाती लागणं कठीण.

आज रात्री जेवणं उरकली, की आईबाबांचा फोन मागून घ्या. त्यात १०८, १९३० आणि घरच्या डॉक्टरांचा नंबर टाका. दुवा कुठे असतो, ते बोट ठेवून दाखवा, त्यांच्याकडून एकदा उघडूनही घ्या. शेजारी एकटे राहणारे आजी-आजोबा असतील, तर त्यांच्याकडेही जाऊन या. रविवारची वाट बघू नका.