शोकेसमधली बाटली

माझे भांडण दारू पिणाऱ्यांशी नाही आणि न पिणाऱ्यांशीही नाही. माझे भांडण आहे ते बाटली उघडून, दोन घोट घेऊन ती पुन्हा शोकेसमध्ये ठेवणाऱ्यांशी. या जमातीचा मंठ्यातला म्होरक्या मीच होतो, तेव्हा अधिकारवाणीने बोलतो. (आजन्म परवाना पाकिटात आहे, चौकशीला येऊ नये.)

भाच्याने परदेशातून व्हर्मुथची बाटली आणली. "मामा, उघडली की फ्रिजमध्येच ठेवा बरं का," असे जाताना दोनदा बजावले. पण आमच्या फ्रिजमध्ये नैवेद्याचे लोणी असते. "एक तर ती राहील, नाहीतर लोणी," सौभाग्यवतीने निकाल दिला. तेव्हा बाटली गेली शोकेसमध्ये, संगमरवरी ताजमहाल आणि चिरंजीवांची वक्तृत्वाची ढाल यांच्या मधोमध. दिवाळीत मी अर्धा पेला घेतला आणि बाकीची थोरल्या भावासाठी राखून ठेवली. दादा उन्हाळ्यात यायचा होता.

"दारू जितकी जुनी तितकी चांगली!" हे मला सगळ्यांनी ऐकवले; ज्यांनी जन्मात थेंब चाखला नव्हता त्यांनी तर जास्तच ठासून. या वाक्यावर कायद्याने बंदी घातली पाहिजे. लाकडी पिंपात मुरणे वेगळे आणि उघड्या बाटलीत हवा खात बसणे वेगळे. व्हिस्कीत 40 टक्क्यांच्या पुढे अल्कोहोल असते, ती तग धरते. व्हर्मुथ म्हणजे शेवटी द्राक्षाची वाइनच. थोडे स्पिरिट घालून 15 ते 18 टक्क्यांवर नेलेली आणि काड्यामुळ्यांचा स्वाद दिलेली. ज्या झुडपाच्या जर्मन नावावरून तिचे बारसे झाले, ते आपल्या दवण्याच्याच कुळातले. चैत्रात देवाला दवणा वाहतो, तो काय गेल्या चैत्रातला जपून ठेवलेला?

आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. शोकेसच्या काचा रात्रीसुद्धा कोमट लागतात. दादा आला, मी मोठ्या थाटात ठेवणीतले पेले काढले. त्याने एक घोट घेतला, जरा वेळ तोंडातच धरला आणि म्हणाला, "छान आहे रे. औषधी वाटते." मग मी घेतला. आंबूस, उतरलेले, काढ्याचे तळ उरावे तसे काहीतरी. दादाने पेला संपवला. दुसरा मात्र नको म्हणाला. त्यानंतर त्याचे मंठ्याला येणे झाले नाही, आणि आता होणारही नाही.

तेव्हापासून मी या विषयावर लग्नाच्या पंगतीतसुद्धा भांडतो. उघडलेली व्हर्मुथ फ्रिजमध्ये ठेवा, महिना-दोन महिन्यांत संपवा. अर्धी झाली तर लहान बाटलीत गळ्यापर्यंत भरा, म्हणजे हवेला जागा राहत नाही. (लोण्याला मी वरचा कप्पा दिला. वाटाघाटी तीन आठवडे चालल्या.) त्याहून सोपे म्हणजे आधीच मिसळून ठेवा. इटलीची नेग्रोनी घ्या: जिन, काम्पारी आणि तांबडी गोड व्हर्मुथ, तिन्ही समभाग. जिनच्या जोरावर व्हर्मुथही टिकते. बाटली फ्रिजमध्ये, पाहुणा आला की बर्फावर ओतली, झाले. लिंबाचा रस लागणारा प्रकार असेल तर लिंबू मात्र ऐनवेळी पिळावे. आदल्या दिवशी पिळलेल्या लिंबाची बाजू मी घेणार नाही.

यावर आमचे एक स्नेही म्हणतात, "आधीच कालवून ठेवलेलं पाहुण्याला देणं बरं दिसत नाही." अहो, कैरीचा गर गूळ-वेलदोडा घालून तुम्ही फ्रिजमध्ये ठेवता, पाहुणा आला की पाणी घालून पन्हे देता, तेव्हा नाही का त्याचा अपमान होत? द्राक्षासव समभाग पाण्यातून घेताना तुमच्या आजीने कधी पाहुण्यासमोर द्राक्षे तुडवली होती?

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, या खेपेला दोन बाटल्या आणू का?"

म्हटले, "एकच आण. पण मुक्कामाला आठ दिवस ये."