चित्रं द्या, सेटअप नको!

आज जरा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या. विषय पोरासोरांचा वाटेल, पण सॉफ्टवेअरवर ज्यांचं पोट आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. विषय आहे गेमचे टेक्स्चर पॅक. म्हणजे गेममधल्या वस्तूंवर चढवलेली चित्रं (टीशर्ट, चेहरे, बॅटवरचे स्टिकर, मैदानातलं गवत) बदलायची आणि नवी चित्रं एकत्र बांधून लोकांना द्यायची.

आपल्याकडे याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे ईए स्पोर्ट्सचा 'क्रिकेट ०७'. २००६ च्या नोव्हेंबरात आला आणि त्या मालिकेतला शेवटचाच ठरला. भारतीय खेळाडूंची खरी नावंसुद्धा त्यात नव्हती. २००७ चा टी-ट्वेंटी विश्वचषक, २००८ ची आयपीएल, आमचं जामठ्याचं स्टेडियम (पहिली कसोटी नोव्हेंबर २००८, गांगुलीची शेवटची) हे सगळं नंतरचं. तरी तो गेम अजून जिवंत आहे, आणि तो कंपनीने जगवलेला नाही. कुणीतरी रात्री जागून एकेका खेळाडूचा चेहरा काढला, कुणी जर्सी शिवल्यासारखी रंगवली, कुणी स्टेडियमच्या पाट्या बदलल्या. सगळं फुकट. या लोकांना माझा साष्टांग नमस्कार.

मग राग कशाचा? राग आहे बांधणीचा.

या गेमची चित्रं एफएसएच नावाच्या फाइल्समध्ये असतात, आणि अशा असंख्य फाइल्स बिग नावाच्या मोठ्या गाठोड्यांत बांधलेल्या असतात. चेहरा बदलायचा म्हणजे एक फाइल बदलायची. एवढंच! पण तुम्हाला हाती मिळतं काय? पाच तुकड्यांत कापलेली रार फाइल, तिला पासवर्ड, आत एक सेटअप.ईएक्सई, आणि वर सूचना : 'अँटीव्हायरस बंद करा, अ‍ॅडमिन म्हणून चालवा.' ती ईएक्सई तुमच्या मूळ फाइल्सवर नव्या फाइल्स आदळते. कुठल्या, किती, काही सांगत नाही. काढायची सोय नाही. गेम बंद पडला तर काढून टाका आणि पुन्हा टाका.

लहानपणी शाळा उघडायच्या आधी आपण पुस्तकांना खाकी कव्हरं घालायचो. कव्हर घालायला पुस्तकाचा मूळ पुठ्ठा फाडला असं कुणी केलंय का? टेक्स्चर पॅक हे कव्हर आहे. कव्हर खराब झालं तर काढता आलं पाहिजे, आणि खाली पुस्तक शाबूत पाहिजे.

बरं, हे आज कळलेलं शहाणपण नाही. १९९३ मध्ये 'डूम' आला तेव्हाच त्याचा डेटा वॅड नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये होता. तुम्ही स्वतःची वॅड बनवायची आणि गेम सुरू करताना मूळच्या वरून चढवायची. मूळ फाइलला हात नाही. 'माइनक्राफ्ट'मध्ये २०१३ पासून रिसोर्स पॅक आहेत. एक झिप, आत अगदी वरच्या पातळीवर पॅक.एमसीमेटा नावाची छोटी मजकूर-फाइल, तिच्यात पॅक कुठल्या फॉरमॅटसाठी आहे तो आकडा, आणि बाकी चित्रं. (फोल्डरच्या आत फोल्डर झिप केला की गेमला पॅक दिसत नाही. निम्म्या तक्रारींचं मूळ एवढंच असतं!) दोन पॅक लावले तर यादीत वर असलेल्याचं चित्र दिसतं. नको झाला तर यादीतून काढा. मूळ चित्रं जागेवरच.

धरमपेठेत भावाकडे पुतण्याच्या पीसीवर गेल्या महिन्यात असाच एक आयपीएलचा पॅक बसवला गेला. गेम बंद पडलाच, वर ब्राउझरचं सर्च पेजही बदललं. पुतण्या म्हणतो, "काका, त्यातच लिहिलं होतं न, अँटीव्हायरस बंद करा म्हणून." त्याच पीसीवर माझ्या भावाचं नेट बँकिंग चालतं! खरा मुद्दा इथे आहे. चित्राची फाइल वाचली जाते, ईएक्सई चालवली जाते. एकदा अ‍ॅडमिनची परवानगी दिली की ती काय करेल यावर तुमचा ताबा नाही. ज्या चित्रासाठी फाइल कॉपी करणं पुरलं असतं, त्यासाठी घराची किल्ली कशाला?

आणि आपण ऑफिसात काय करतो? एक ओळ बदलायची तर रिव्ह्यू, बॅकअप, रोलबॅक प्लॅन. डेबियनचा डीपीकेजी एका पॅकेजला दुसऱ्या पॅकेजची फाइल सहजासहजी पुसू देत नाही. घरी मात्र 'चालतंय की!'

लोक म्हणतील, सेटअप सोपा पडतो, डबल क्लिक केलं की झालं. सोपा कुणाला? बसवताना सोपा, काढताना कोण येणार? दुसरा बचाव : क्रिकेट ०७ मध्ये माइनक्राफ्टसारखी सोय नाही. मान्य. पण मग पॅक बांधणाऱ्याची जबाबदारी वाढते, कमी होत नाही. काय करायचं ते सांगतो.

१. साधी झिप द्या. पासवर्ड नको, कारण पासवर्ड असला की अँटीव्हायरसला आत डोकावता येत नाही.

२. आतले फोल्डर गेमच्या फोल्डरसारखेच ठेवा. काय कुठे जाणार ते उघड दिसू द्या.

३. बदलणाऱ्या फाइल्सची प्रत आधी वापरणाऱ्याच्याच मशीनवर काढा. दोन ओळींची बॅच फाइल पुरते, आणि ती नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. मूळ फाइल्स तुम्ही वाटू नका, त्या कंपनीच्या आहेत.

४. रीडमी लिहा. फाइल्सची यादी, आवृत्ती, आणि कुणी काय काढलं त्यांची नावं.

चौथा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. चेहरे एकाचे, जर्सी दुसऱ्याची, स्टेडियम तिसऱ्याचं. सगळं एका सेटअपमध्ये कोंबलं की नाव उरतं फक्त कोंबणाऱ्याचं, तेही लोडिंग स्क्रीनवर ठळक. ज्याने फुकट काम केलं त्याची एकच कमाई म्हणजे नाव. तीही खाऊन टाकायची?

असो. पुढच्या वेळी घरातलं पोरगं अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागायला आलं तर आधी झिप मागा. झिप नसेल तर तो पॅक नको. धोनी जुन्या जर्सीत खेळला तरी सिक्स जातोच की!