हवेचे इंजिन की पाण्याचे?

जुन्नरकडच्या एका बागायतदार वाचकांचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. साठवलेल्या पैशांतून तो फोक्सवॅगनची जुनी व्हॅन घेऊ म्हणतो. एक हवेने थंड होणारी, दुसरी पाण्याने. पोराने बापाला विचारले, बापाने आम्हाला.

हा प्रश्न आपल्या विहिरीवरचाच आहे. पाण्याच्या डिझेल इंजिनाला आपण पंपाच्याच पाण्याची नळी जोडतो. फूटव्हॉल्व्ह गळून पंपाने पाणी सोडले की इंजिनही तापते. आमचे एक असेच जाम झाले, आणि मी बांधावर गप्पा मारीत होतो!

ही व्हॅन १९५० साली निघाली ती हवेच्या इंजिनावर. इंजिन मागे, रेडिएटर नाही, म्हणून हिवाळ्यात पाणी गोठून इंजिन फुटायची धास्ती नाही. पण उभ्या पंख्याच्या जुन्या इंजिनात पंखा आणि डायनॅमो एकाच पट्ट्यावर चालतात. पट्टा तुटला की चार्जिंगचा लाल दिवा लागतो. त्याच क्षणी गाडी उभी करावी. 'बॅटरीचे घरी जाऊन पाहू' म्हणणारा इंजिन जाळून घेतो. शिवाय गाडीतली ऊब एक्झॉस्टभोवती तापलेल्या हवेची, ती कडक थंडीत अपुरी पडते.

१९७९ चे तिसरे मॉडेलही आधी हवेचेच होते. १९८२ च्या अखेरीस पाण्याचे पेट्रोल इंजिन आले. ताकद वाढली, ऊबही चांगली. मात्र इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे, त्यामुळे गाडीखालून लांबच लांब नळ्या. त्यांत हवा अडकली की इंजिन तापते. ती काढायला गाडीचे तोंड उचलून धरतात. खरे दुखणे हेडच्या रबरी पॅकिंगचे. चुकीचे कूलंट घातले की तिथला धातू खाल्ला जातो आणि पाणी पाझरू लागते.

मुलाच्या घरी लहान लेकरू आहे, असे पत्रात आहे. तेव्हा हिवाळ्यातही फिरायचे असेल तर आमचे मत पाण्याच्या गाडीला. पण हेड उघडून दुरुस्त केल्याची पावती मालकाने दाखवली तरच. नुसता उन्हाळ्यातला हौशी प्रवास असेल आणि हात काळे करायची तयारी असेल, तर हवेचीच घ्यावी. दोन्हींत आधी चादरीखालचा गंज पाहावा. इंजिन बदलता येते, सडलेला सांगाडा फार महाग पडतो.

आणि गाडी पाहायला जाताना मालकाने इंजिन आधीच गरम करून ठेवले असेल, तर ते गार होईपर्यंत थांबावे.